मापातले पाप

महागाईची तक्रार ही काही नवी तक्रार नव्हे. आपल्या आजोबांनी ती केली, त्यांच्या वडिलांनीही केली असणार. दूध महागले, रॉकेल महागले, शाळेची फी वाढली, हे घरोघरचे जुने गाऱ्हाणे आहे, आणि संसार चालविणाऱ्या माणसाच्या तोंडी ते शोभूनही दिसते. परंतु अलीकडे ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत, रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चार कुटुंबे बोलत उभी राहिली की एक निराळीच तक्रार कानी येते. पैसे जास्त घेतात, एवढेच म्हणून आता कोणी थांबत नाही. पैसे जास्त घेतात आणि देतात मात्र कमी, असे लोक म्हणतात. पुडा तोच, पण आतील जिन्नस घटलेला. तिकीट तेच, पण त्यावरील सवलत गेलेली. टेलिफोन तोच, पण पूर्वी त्याच पैशांत जे मिळत होते त्यासाठी आता वेगळे पैसे मोजावे लागतात. या दुसऱ्या तक्रारीत पहिलीपेक्षा अधिक चीड असते, आणि ती केवळ रिकाम्या होणाऱ्या खिशाची चीड नसते. ती कशाची असते, आणि नैतिक दृष्ट्या ती योग्य आहे काय, याचा विचार या लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडा हिशेब मांडून पाहू. शंभर ग्रॅमच्या एखाद्या जिनसेची किंमत पाच रुपये आहे असे समजा. विकणाऱ्याचा खर्च वाढला. आता त्याच्यापुढे दोन मार्ग आहेत. तो शंभर ग्रॅमचे सहा रुपये घेऊ शकतो; अथवा पाचच रुपये घेऊन सुमारे त्र्याऐंशी ग्रॅम माल देऊ शकतो. वहीतल्या हिशेबाने दोन्ही गोष्टी जवळजवळ एकच आहेत. एका ग्रॅममागे ग्राहकाच्या खिशातून जाणारा पैसा दोन्हीकडे सारखाच आहे. असे असता पहिल्या मार्गाने जाणाऱ्या दुकानदाराशी आपण फार तर घासाघीस करतो, आणि दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याने मात्र आपल्याला फसविले असे आपल्याला वाटते. हा आपल्या मनाचा दुबळेपणा म्हणावा, की त्या वाटण्यात काही सत्य आहे?

विकणाऱ्याची बाजू आधी ऐकून घेणे न्यायाचे होईल. आपल्या देशात ग्लुकोज बिस्किटांचा छोटा पुडा हे गरिबाच्या न्याहारीचे साधन आहे. वर्षानुवर्षे तो चार रुपयांना आणि नंतर पाच रुपयांना मिळत राहिला. त्या काळात पीठ, साखर, तेल आणि इंधन यांचे भाव जसजसे चढत गेले, तसतसे पुड्याचे वजन टप्प्याटप्प्याने उतरत गेले. २०२१ मध्ये पार्ले कंपनीने तर नाण्यानोटांत सहज बसणाऱ्या किमती टिकविण्यासाठी आपण वजन कमी करीत आहोत, असे उघडपणे सांगितलेही. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. हातगाडी ओढणारा माणूस अथवा शाळेत निघालेले पोर पाचाचे नाणे मुठीत घेऊन दुकानाशी येते. पुडा सहा रुपयांचा झाला तर त्या नाण्याला काहीच येत नाही. पुडा हलका झाला तर निदान अर्धी भूक भागते. तेव्हा माप घटविणे हे प्रत्येक वेळी लबाडीनेच होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खर्च वाढला असता भाव वाढविणे हे जसे पाप नव्हे, तसेच माप कमी करणे हेही स्वतः होऊन पाप नव्हे. मग पाप आहे तरी कोठे?

आपल्या मराठी भाषेने या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. चढ्या भावाने विकणाऱ्याला आपण महागडा म्हणतो, फार तर लोभी म्हणतो. 'काटा मारणे' हा शब्दप्रयोग मात्र आपण फसवणुकीसाठी राखून ठेवला आहे. आणि 'पाप' हा शब्द आपल्या बोलण्यात चिकटला तो मापाला. 'मापात पाप' असे आपण म्हणतो. भावात पाप असे कोणी म्हणत नाही. याचे कारण उघड आहे. भाव हा दोघांच्या बोलण्यातून ठरतो. तो परवडत नसेल तर गिऱ्हाईक पिशवी झटकून पुढच्या दुकानाकडे जाऊ शकते. माप मात्र एकाच्या हाती असते, आणि दुसऱ्याला त्यावर विश्वास ठेवावा लागतो. शेर आणि पायलीच्या दिवसांत धान्याचे माप शिगोशीग भरले, की काठावरून हात फिरवून ते सपाट केले, हे घेणारा समोर उभा राहून पाहत असे. कारण तेवढी एक गोष्ट बोलण्यावर सोडून चालत नाही हे त्याला ठाऊक होते.

बायबलमध्येही हीच गोष्ट आढळते. इ. स. पूर्व आठव्या शतकात आमोस नावाच्या मेंढपाळ संदेष्ट्याने इस्रायलच्या व्यापाऱ्यांवर जे आरोप ठेवले, ते आज वाचताना त्यांच्या ताजेपणाने आपण चकित होतो. सण आणि शब्बाथ केव्हा एकदा सरतो आणि दुकान केव्हा उघडतो अशी घाई झालेले हे व्यापारी धान्याचे माप लहान करीत, तोलायचे वजन जड करीत आणि गव्हाच्या नावाखाली गाळसाळ विकीत, असे त्याचे म्हणणे होते. यातील दुसऱ्या आरोपाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. शेकेल हे त्या काळी नाणे नसून चांदी तोलण्याचे वजन होते. ते जड केले म्हणजे तोंडाने जुनाच भाव सांगून गिऱ्हाइकाकडून अधिक चांदी काढून घेता येत असे. म्हणजे संदेष्ट्याला संताप आला तो भाव वाढल्याचा नव्हे. भाव वाढला आहे हे घेणाऱ्याला कळू न देता तो वाढविला गेला, याचा होता. आणि या साऱ्याचा भार कोणावर पडतो हेही त्याने सांगून टाकले: गरिबावर, कारण त्याच्यापाशी दुसरा तराजू नसतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिया' या ग्रंथात खरेदी-विक्रीत होणाऱ्या अन्यायाचा स्वतंत्रपणे विचार केला. त्यांचे विवेचन व्यवहाराला धरून आहे. न्याय्य किंमत ही गणिताने एका बिंदूवर ठरत नाही, ती अदमासाने ठरते आणि किंचित कमी-अधिकाने न्याय मोडत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. मात्र मालात तीन प्रकारचे दोष असू शकतात असे ते म्हणतात: जिनसेचा दोष, मापाचा दोष आणि गुणाचा दोष. दोष ठाऊक असूनही विकणारा गप्प राहिला, तर ती विक्री अन्यायाची होते आणि झालेले नुकसान भरून देण्याचे त्याच्यावर बंधन राहते. मग प्रत्येक दोष विक्रेत्याने तोंडाने सांगितलाच पाहिजे काय? संत थॉमस यांनी येथे एक बारीक भेद केला आहे. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि त्या मानाने किंमतही उतरविलेली असेल, तर तो सांगण्याचे बंधन नाही. घेणाऱ्यालाही डोळे आहेत. दोष झाकलेला असेल तर मात्र तो सांगितलाच पाहिजे.

आजचा कारखानदार या भेदाचा आधार घेईल हे आम्हाला ठाऊक आहे. तो म्हणेल, "पुड्यावर वजन छापलेले आहे, तेव्हा आमच्या घोड्याचा डोळा कोणालाही दिसण्यासारखा आहे." या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. पण तो पुरा पडत नाही. आंधळ्या डोळ्याचा घोडा पाहताच तो आंधळ्या डोळ्याचा दिसतो. पुड्याचे तसे नसते. पुड्याचा रंग तोच ठेवला, चित्र तेच ठेवले, किंमतही तीच ठेवली आणि आतील वजन तेवढे बदलले, तर दुकानात गेलेल्या गृहिणीचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याकडे जातो. ती वजनाचा आकडा वाचीत नाही. ओळखीचा चेहरा वाचते. मागच्या बाजूचा बारीक आकडा खरे बोलत असतो, परंतु सबंध पुडा तिला सांगत असतो की मी तोच आहे. एका मुखाने खरे आणि दुसऱ्या मुखाने खोटे बोलणाऱ्या माणसाला आपण सत्यवादी म्हणत नाही. दोष दिसू शकेल अशा जागी ठेवणे ही एक गोष्ट आहे. तो दिसावा अशी इच्छा असणे ही दुसरी. विकणाऱ्याने आपल्या मनाला एवढेच विचारावे: ही घट प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आजच लक्षात आली, तर मला चालेल काय? चालेल असे उत्तर आले तर त्याचा व्यवहार स्वच्छ आहे. ती लक्षात न येण्यावरच त्याचा नफा अवलंबून असेल, तर मात्र ते मापातले पाप होय.

येथे आमच्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. भाव वाढविणारा आपल्यापुढे एक गोष्ट मांडतो आणि आपली संमती मागतो. आपण कुरकुरत का होईना, होय अथवा नाही म्हणतो. गुपचूप माप घटविणारा ती संमती मागतच नाही. तो आपले चार-आठ आणे नेतो, आणि त्यासोबत आपला विचार करून ठरविण्याचा अधिकारही नेतो. हिशेबाच्या वहीत दोन्ही व्यवहार सारखे दिसतात, कारण हा अधिकार वहीत मांडला जात नाही. लोकांच्या मनातील चीड या न मांडलेल्या रकमेची असते, आणि म्हणून ती योग्य आहे.

कायद्याचा प्रवासही याच दिशेने झालेला दिसतो. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले. पुढे चहा, बिस्किटे, डाळी अशा काही वस्तू ठरावीक वजनाच्या पुड्यांतच विकण्याचे बंधन होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. ठरावीक वजनांचे बंधन निघाले, आणि त्याऐवजी एका ग्रॅममागे वा एका नगामागे किंमत किती पडते हे पुड्यावर छापण्याची अट आली. फ्रान्सने याहून एक पाऊल पुढे टाकले. १ जुलै २०२४ पासून तेथील मोठ्या दुकानांना, एखाद्या वस्तूचे माप घटून तिची किंमत मात्र घटली नसेल, तर तशी सूचना त्या वस्तूजवळच दोन महिने लावावी लागते. लक्षात घ्यावे की माप घटविण्यास या कायद्याने मनाई केलेली नाही. घटविले तर सांगा, एवढेच तो म्हणतो.

आमच्या ठाणे जिल्ह्यात तर या प्रश्नाने संसाराच्या सर्वांत मोठ्या खरेदीत प्रवेश केला होता. घोडबंदर रस्त्यालगत अथवा कल्याण-शिळ रस्त्यालगत घर घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांना 'सुपर बिल्ट-अप' हा शब्द चांगला ठाऊक आहे. जिना, लिफ्ट, आवार यांचा वाटा धरून चौरस फूट सांगितले जात, आणि किल्ली हाती आल्यावर पलंग नि कपाट मांडताना खरे माप कळे. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज ज्या मापावर उभे, ते माप कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे घेणाऱ्याला ठाऊक नसे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने घराचे चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक केले, आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात त्यासाठी महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले. घरे त्यामुळे स्वस्त झाली नाहीत. परंतु आपण काय विकत घेत आहोत हे कळण्याचा हक्क घेणाऱ्याला मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे.

आतापर्यंत आपण व्यापाऱ्याविषयी बोललो. सार्वजनिक सेवांना हीच कसोटी लावली तर काय दिसते? भारत संचार निगमाने तार सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद केली. दीडशेहून अधिक वर्षे जिने या देशाची जन्म-मृत्यूची वार्ता वाहिली, ती सेवा जाताना अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. अखेरच्या दिवशी केवळ आठवण म्हणून तार करण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. दुःख झाले, पण कोणाला फसविल्यासारखे वाटले नाही. निगमाने दिवस सांगितला, कारण सांगितले आणि दार बंद केले. १ सप्टेंबर २०२५ पासून स्वतंत्र रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तेही जाहीर करूनच. मात्र येथे विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. पत्र ज्याचे त्याच्याच अथवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हाती पडावे, हा रजिस्टर्ड पोस्टाचा प्राणच होता. आता स्पीड पोस्टचे दर देऊन त्यावर आणखी शुल्क भरले म्हणजे ही हमी मिळते. जे पूर्वी सेवेचे सार होते ते आता वरचे लेणे झाले आहे.

रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीची गोष्ट याहून बोचरी आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या तिकिटात साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना ५० टक्के सवलत असे. २० मार्च २०२० रोजी ती स्थगित झाली. कोरोनाची साथ होती, वृद्धांनी प्रवास टाळावा, हे कारण त्या वेळी दिले गेले आणि ते सर्वांना पटलेही. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, १ जुलै २०२५ पासून लांब पल्ल्याच्या प्रवासाचे भाडेही वाढले. पाच वर्षे उलटून गेली तरी सवलत मात्र परतली नाही. सरकारचे म्हणणे असे की, प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटामागे सरासरी सुमारे ४६ टक्के भार सरकार आधीच सोसते. हे कारण विचारात घेण्याजोगे आहे. रेल्वेचा पैसा शेवटी जनतेचाच पैसा होय. आमची तक्रार कारणाबद्दल नाही, कारणाच्या अदलाबदलीबद्दल आहे. एक कारण सांगून घेतलेली वस्तू दुसऱ्या कारणासाठी ठेवून घेणे, ही गोष्ट घरात लेकराने केली तर आपण त्याला समज देतो. ज्येष्ठांना सवलत नको असे ठरवायचे असेल तर तसे ठरविण्याचा दिवस उगवला पाहिजे, ते बोलून दाखविले पाहिजे, आणि ज्यांचे गेले त्यांना उत्तर दिले पाहिजे.

लोकल गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी एका रूपाने आमच्या दाराशी आला. देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. तेव्हापासून ही शहरे रेल्वेच्या अंगाखांद्यावर वाढली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली. त्यानंतर ज्या ३६ नव्या फेऱ्या मिळाल्या त्यांतील ३४ वातानुकूलित होत्या. उन्हाळ्यात थंड गाडी कोणाला नको आहे? परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या फेऱ्या काढून त्यांच्या वेळी वातानुकूलित गाड्या सोडल्या गेल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी रस्त्यावर नव्हे, रुळांवर उतरले, आणि मध्य रेल्वेला दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या वेळी साध्या लोकलचे भाडे एका पैशानेही वाढले नव्हते. तरीही ज्याच्या खिशात दुसऱ्या वर्गाचा पास होता, त्याची ८ वाजून काही मिनिटांची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची झाली होती. पास तोच, किंमत तीच, त्यात मिळणाऱ्या गाड्या तेवढ्या कमी. माप घटले होते.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि चौघांचा त्या दिवशी मृत्यू झाला. बंद होणारी दारे हा विषय त्यानंतर पुन्हा पुढे आला. या दुर्घटनेचा कोणी वादासाठी वापर करू नये. पण तिच्यावरून एक तत्त्व मात्र स्पष्ट होते. काही गोष्टी चैनीच्या असतात आणि त्यांना वेगळी किंमत असणे रास्त आहे. काही गोष्टी सेवेच्या सारातच मोडतात. जिवंत घरी पोहोचणे हे प्रत्येक तिकिटाच्या आत असले पाहिजे; ते महागड्या तिकिटाचे वैशिष्ट्य होऊ शकत नाही. साध्या वस्तूतील आवश्यक ते हळूहळू काढून घ्यायचे आणि तेच 'विशेष' म्हणून परत विकायचे, ही आजच्या बाजाराची रीत झाली आहे. मोबाइल टेलिफोनचे पाहा. २००३ मध्ये येणारा फोन विनामूल्य झाला. पुढे आजीवन सेवेच्या योजना निघाल्या. २०१८ च्या अखेरीस मात्र दरमहा ठरावीक रक्कम भरली नाही तर येणारे फोनही बंद, असे कंपन्यांनी ठरविले. केवळ बोलण्यासाठी फोन बाळगणाऱ्या वृद्धांनाही इंटरनेटसकटच योजना घ्यावी लागू लागली, आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाला सांगावे लागले की, नुसत्या संभाषणाची नि संदेशाची योजनाही कंपन्यांनी उपलब्ध ठेवावी.

येथे एक शंका येण्याजोगी आहे. जे जे पूर्वी मिळत होते ते ते सदैव मिळालेच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे काय? तसा तो नाही. भाजीवाली पूर्वी भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या नि कढीपत्ता घालीत असे. दूधवाला माप घातल्यावर वर थोडी धार सोडीत असे. हे त्यांचे दान होते. दान थांबले तर वाईट वाटते, पण अन्याय होत नाही. उलट त्या काड्यांवर हक्क सांगणे हाच अन्याय ठरेल. न्यायाचा प्रश्न उद्‌भवतो तो मोलाच्या बदल्यात कबूल केलेल्या वस्तूपुरता. ती कबुली लिहून दिलेली असो, अथवा वर्षानुवर्षांच्या व्यवहाराने दोघांच्या मनात ठरून गेलेली असो, ती बदलायची असेल तर सांगून बदलली पाहिजे. तक्रार करण्यापूर्वी आपले काय गेले, दान गेले की देणे गेले, हे आपणही तपासून पाहावे. त्याने तक्रारीचे बळ वाढेल.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे पुसावे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत शेजारच्या कुटुंबांचे गट करून त्यांना निवडक माल एकत्र पुरवू लागली. तिच्यामागे साधा विश्वास होता की एकटे गिऱ्हाईक दुबळे असते, दहा कुटुंबे मिळून विचारू लागली की तराजू सरळ राहतो. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा यांनी त्या विश्वासाला न्यायालयाचे दार उघडून दिले. आपल्या धर्मग्रामातील छोट्या समूहांच्या बैठकीत प्रार्थनेनंतर दहा मिनिटे या गोष्टींना देता येतील. पुड्यावरील एका ग्रॅमची किंमत मुलांना वाचायला शिकविणे, वृद्ध शेजाऱ्याच्या फोनची योजना तपासून देणे, वाढलेल्या बिलाचे कारण लेखी मागणे, ही कामे लहान आहेत. पण ज्याच्यापाशी दुसरा तराजू नाही, त्याला ती तराजू मिळवून देतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. हीच कसोटी आपण चालवितो त्या संस्थांनाही लागू होते. या पट्ट्यातील ख्रिस्ती समाज मुख्यतः सेवा देणाऱ्यांचा समाज आहे. शिक्षिका, परिचारिका, कारकून, रेल्वे कर्मचारी आपल्या घराघरांत आहेत. शाळा नि दवाखाने आपल्या धर्मसंघांनी उभारले. खर्च त्यांनाही चुकलेला नाही. शिक्षकांना योग्य वेतन द्यायचे तर फी वाढेल, आणि ती वाढविण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु फी वाढवीत असतानाच ग्रंथालयाचा तास, गाण्याचा तास अथवा मागे पडलेल्या मुलांसाठीची शिकवणी जर वेळापत्रकातून निघून जात असेल, तर पालकांना ती गोष्ट मुलाच्या वहीवरून कळू नये. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून ती सांगावी. दवाखान्यात रात्रपाळीला परिचारिका एकच उरली असेल तर रुग्णाच्या नातेवाइकांना ते ठाऊक असावे. अशाने काही लोक रागावतील, काही निघूनही जातील. कदाचित काहीजण असेही म्हणतील की पैसे आम्ही थोडे अधिक देतो, पण तो तास राहू द्या. गुपचूप केलेल्या काटकसरीत हे उत्तर ऐकण्याची संधीच नाहीशी होते.

यापुढेही भाव वाढतील, जुन्या सोयी जातील, नव्या येतील. आपण अमुक एका वर्षाच्या किमतींवर थांबावे असे जगाला सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. आपण मागू शकतो ते एवढेच की माप समोर भरले जावे. ज्या मापाने आपण देतो त्याच मापाने आपल्याला मिळेल, अशी जाणीव प्रभू येशूने आपल्या शिष्यांना दिली. ती ऐकताना आपल्या मनात साहजिकच भरलेले माप येते. भरणाऱ्याचा हात तेवढाच महत्त्वाचा आहे. तो हात घेणाऱ्याला दिसत असला, तर माप थोडे कमी पडले तरी शेजारधर्म टिकतो. उद्या सकाळी दुकानात, खिडकीवर, वर्गात अथवा दवाखान्यात आपण उभे राहू, तेव्हा घेणारे असू तर विचारू, आणि देणारे असू तर विचारण्यापूर्वीच सांगू.